साडेचारचा समुद्र

मे महिना आला की आमच्या घराला कुलूप लागायचं. कुलूप म्हणजे कडीत अडकवलेली काठी. आत चोरून नेण्यासारखं काही नव्हतं, पण घर उघडं टाकून गेले असं कुणी म्हणू नये म्हणून आई ती काठी अडकवायची. गंजाडला आमचं भाताचं एकच पीक. होळी झाली की कणगीतला तांदूळ तळाला जायचा, आणि पाड्यावरच्या विहिरीतलं पाणी त्याच्याही आधी. मग बाबा गाठोडं उचलायचे, आई टोप आणि तवा, आणि मी कोंबडी. कोंबडी दर वर्षी वेगळी असायची, बाकी सगळं तेच. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही किनाऱ्याकडे जायचो, एका शेठच्या चिकूच्या वाडीत, पाऊस पडेपर्यंत कामाला.

वाडीच्या कोपऱ्यात पंपाच्या खोलीला टेकून आमची खोपी होती. बाबा दिवसभर बेडणी घेऊन झाडांखाली. बेडणी म्हणजे लांबलचक बांबू आणि त्याच्या टोकाला जाळी. मान वर करून चिकू हेरायचा, देठाशी झटका द्यायचा, चिकू जाळीत. संध्याकाळी बाबांची मान खाली यायला वेळ लागायचा. जेवतानाही ते थोडे आढ्याकडे बघूनच जेवायचे. आई हौदापाशी बसून चिकू घासायची, त्यांच्या अंगावरची तपकिरी भुकटी धुवून काढायची. तिच्या बोटांवर चिकाचे काळे डाग पडलेले असायचे, ते लग्नाच्या हळदीनंही झाकायचे नाहीत. समुद्र तिथून दोनशे पावलांवर होता. त्याचा आवाज खोपीत ऐकू यायचा. पण इतक्या वर्षांत आम्ही तिघांनी मिळून एकदाही पाण्यात पाय घातला नाही. समुद्र काही शेठचा नव्हता. वेळ शेठचा होता.

हे आज आठवायचं कारण, मे पुन्हा आलाय. सुरूच्या काड्या तापून जो वास सोडतात तो आलाय, पिकून फुटलेल्या चिकूचा गोडसर आंबूस वास आलाय, आणि वरोरच्या कोळीवाड्याकडून वारा फिरला की वाळत्या बोंबलांचा. लोक नाक दाबतात. मला त्या तीन वासांतून २०१७ चा उन्हाळा जसाच्या तसा उभा करता येतो. त्या उन्हाळ्यात मी लोकांच्या सुट्टीचा बेत आखला होता. जिच्या घरात 'सुट्टी' हा शब्द फक्त शाळेच्या फळ्यावर होता, तिनं.

२०१४ मध्ये मी डहाणूच्या कॉलेजात आले. त्याआधी तलासरीकडच्या आश्रमशाळेत होते. आमच्या घरात, आणि मागे जाल तितक्या पिढ्यांत, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजून सांगत नाही, आणि कुणी कौतुक करावं म्हणूनही सांगत नाही. झालं ते सांगते. डहाणूतच मसोलीला आणखी दोन मुलींबरोबर एक खोली घेतली होती. बाबा जीपमधल्या अनोळखी माणसालाही सांगायचे, "पोरगी कालेजला हाय. भूगोल शिकते." समोरचा म्हणायचा, "भूगोल शिकून काय होते?" बाबा म्हणायचे, "ते तिला माहीत. म्हणून तर शिकते."

केतकी माझ्या बाकावर बसायची. पहिल्याच आठवड्यात कळलं की ज्या वाडीत आम्ही उन्हाळाभर राबायचो ती तिच्याच घरची. मी लपवलं नाही. सरळ म्हणाले, "तुमच्या वाडीत रूपजी आहे ना, बेडणीवाला? तो माझा बाप." ती म्हणाली, "रूपजीकाका? अगं, मग तू घरचीच की!"

काका. त्या एका शब्दावर मी तीन वर्षं चालले. आम्ही एकमेकींच्या नोट्स वाचल्या, एका छत्रीत भिजलो, एका डब्यात जेवलो. तिची आई, जिला आम्ही सगळे शेठाणी म्हणायचो, तिनं मला एकदा ओट्यावर बसवून शेवयांची खीर दिली होती. बाबा त्याच ओट्याच्या खाली उभे होते. खीर गोड होती. मी खाल्ली. आता वाटतं, ती वाटी कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, हे मी तेव्हाच नीट बघायला हवं होतं.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी आम्ही दोघी समुद्रावर बर्फाचा गोळा खात बसलो होतो. केतकीच्या भावाचे मुंबईचे मित्र आदल्या आठवड्यात येऊन गेले होते आणि नाकं मुरडून गेले होते. "डहाणू एका दिवसात संपतं म्हणाले. चिकू खा, समुद्र बघ, झोप," केतकी म्हणाली.

"ज्यांना दाखवायला कुणी नसतं त्यांचं संपतं," मी म्हणाले.

"मग तू दाखव ना वनी. आपण करू या. पोरापोरींसाठी तीन दिवसांचं राहणं. धमाल. सुरूच्या बनालगत आमचीच पडीक जागा आहे. तंबू लावू. तू आखायचं, मी लोक जमवायचे. आपण दोघी."

आपण दोघी. गोळ्याचा लाल रंग तिच्या हनुवटीवरून ओघळत होता आणि ती हसत होती. मी त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही विकत घेतली.

तो महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात भरलेला महिना होता, हे मला आजही मान्य करावं लागतं. फसवणुकीचा हाच त्रास असतो. मागे वळून बघताना चांगले दिवस वेगळे काढून ठेवता येत नाहीत. सकाळी उठले की वही. मी कधीच कुठं सुट्टीला गेले नव्हते, त्यामुळे सुट्टीत लोक काय करतात ते मला माहीत नव्हतं. मला काय करावंसं वाटलं असतं ते मी लिहीत गेले. सकाळी वाडीत प्रत्येकाच्या हाती बेडणी द्यायची. एक चिकू पाडेपर्यंत मान कशी भरून येते ते कळू दे. दुपारी हौदात उड्या. ज्या हौदापाशी आई बसायची त्याच हौदात. ताडगोळे सोलायची शर्यत. ओल्या घट्ट वाळूवर व्हॉलीबॉल. गंजाडला माझ्या आईच्या हातची नाचणीची भाकर आणि सुकट. एका रात्री गाणी, पण लाऊडस्पीकर नाही, ज्याच्या घशात असेल ते. आणि संध्याकाळी समुद्राकडे.

समुद्रापाशी मात्र माझं पेन अडलं.

आमचा किनारा ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, आमचा समुद्र जागेवर राहत नाही. ओहोटीला तो इतका लांब जातो की वाटावं, हा आता परत येत नाही. अर्धाअर्धा मैल चिखलवट वाळू, मग काळ्या कातळाची खडपं, आणि त्यांच्या पलीकडे पाण्याची एक रेघ. भरतीला तोच समुद्र सुरूच्या मुळांशी येऊन बसतो. मुंबईची पोरं संध्याकाळी नाचत किनाऱ्यावर यायची आणि समोर नुसता चिखल, असं झालं तर? भूगोलाच्या पेपरात मी 'उधाणाची व भांगाची भरती' हा प्रश्न आकृतीसकट सोडवला होता. चंद्र, सूर्य, पृथ्वी, बाण, सगळं. पण उद्या पाच वाजता पाणी कुठं असेल, हे मला सांगता येत नव्हतं.

ते मला हिरूमावशीनं शिकवलं. हिरूमावशी वरोरची. डोक्यावर पाटी घेऊन मसोलीत मासळी विकायला यायची आणि आमच्या खोलीच्या पायरीवर टेकून पाणी मागायची. मी अडचण सांगितली तर ती इतकी हसली की पाटीतले बोंबील हलले.

"काय गो, पंधरा वर्षा शाला शिकली नि पानी कवा येतं ते नाय समजत? तिथी किती आज?"

"माहीत नाही."

"बघ, आजचा दिवस कुठला ते पन नाय माहीत हिला! आज पंचमी. पाचाची पाऊण किती?"

मी मनात हिशेब केला. "पावणेचार."

"मग पावणेचारला भरली. संपला. तिथीची पाऊण कर, भरती हातात येते. त्यात सहा तास घाल, सुकती." सुकती म्हणजे ओहोटी. "अष्टमीला सहाला भरती, दशमीला साडेसातला. पुनवेला?"

"पंधराची पाऊण... सव्वाअकरा."

"नि सुकती?"

"संध्याकाळी सव्वापाच, साडेपाच."

"आता खरी शिकली," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसून उठली. तिला सही करता येत नव्हती. पण पाऊणकी तोंडपाठ होती, तिच्या आजीकडून आलेली. पाव, अर्धा, पाऊण, सवाई यांचे जुने पाढे असायचे म्हणे. माझ्या शाळेनं ते शिकवले नाहीत. पुढचे पंधरा दिवस ती पाटी उतरवायच्या आधी तिथी विचारायची आणि चुकले तर वाटा देताना एक बोंबील कमी टाकायची.

मग माझा बेत जुळला. तेरस, चौदस आणि पुनव. समुद्राची फेरी पुनवेला, कारण त्या संध्याकाळी साडेचारला पाणी उतरणीवर असतं. वाळू मोकळी, खडपांपर्यंत कोरड्या पायांनी जाता येतं, सव्वापाच-साडेपाचपर्यंत समुद्र आणखी मागेच सरकत असतो. खडपांवर तासभर बसायचं, खेकडे बघायचे, सहाच्या आत परत. मग सातच्या सुमारास किनाऱ्यावरून मागे वळून बघावं तर समोर सूर्य बुडतोय आणि पाठीशी चिकूच्या शेंड्यांवर पुनवेचा चांद. हे मी वहीत लिहिलं तेव्हा मला स्वतःलाच हेवा वाटला. त्या ओळीला मी असं नाव दिलं होतं: 'साडेचार वाजता: समुद्र जिथं गेला असेल तिथपर्यंत चालत.'

एक गोष्टही लिहून ठेवली होती. खडपं आणि किनारा यांच्यामध्ये जमीन खोलगट आहे. पाणी फिरलं की ते समोरून येत नाही, आधी त्या खोलगटात बाजूनं शिरतं. खडपावर बसलेल्याला समोर समुद्र लांबच दिसतो, आणि पाठीमागे वाट बुडालेली असते. हिरूमावशीचे शब्द: "पानी पुढून नाय मारत, मागून घेरते."

केतकीनं वही वाचली आणि मला मिठी मारली. मग म्हणाली, "फक्त ते तेरस-चौदस काढून टाक गं. पंचांग काय लावलंयस! मुंबईची पोरं हसतील. नुसत्या वेळा ठेव."

मी काढल्या. नव्या कोऱ्या कागदावर, सुबक अक्षरात, नुसत्या वेळा लिहिल्या. खोलगटाची ओळही गाळली, कारण पुनवेच्या साडेचारला तिची गरज नव्हती. खरं सांगायचं तर मलाही त्या तिथ्यांची थोडी लाज वाटली होती. मी पदवीधर होणार होते. माझ्या पहिल्या कामाच्या कागदावर एकादशी-द्वादशी असावी, कोळणीच्या तोंडचा पाढा असावा, हे मलाच नको होतं. सगळा दोष दुसऱ्यावर टाकणाऱ्यांतली मी नाही. हा माझा वाटा.

कागद केतकीकडे गेला आणि तिचा फोन यायचा थांबला. मी केला की "नंतर बोलते गं, पाहुणे आहेत." दोनदा वाडीवर गेले तर शेठाणी म्हणाली, "केतकी बाहेर गेलीये." तिची चप्पल दारात होती. मी ती चप्पल ओळखत होते, आम्ही दोघींनी मिळून घेतली होती. तरी मला वाटलं, दुसरी चप्पल घालून गेली असेल. माणसाला विश्वास ठेवायचा असला की तो चपलेलाही साक्षीला उभं राहू देत नाही.

मी गंजाडला घरी आले. मी कॉलेजला लागल्यापासून आई-बाबा खोपीत राहायला जात नव्हते, बाबाच रोज जीपनं ये-जा करायचे. मेचा पहिला आठवडा. शुक्रवारी बाबा वाडीवरून आले ते खुशीत. "वनी, उद्या वाडीवर मोठा कार्यक्रम हाय. मुंबईची पोरा आलीत, तंबू लावलेत. शेठाणीनी तुला पन बोलावलाय."

"मला? काय म्हणाल्या?"

"भाकऱ्या थापायला. आयेला पन घेऊन ये, बोलल्या."

आणि त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. पाहुण्यांना वाटलेला, गुळगुळीत, रंगीत. बाबांना वाचता येत नाही. चित्र चांगलं म्हणून माझ्यासाठी आणला होता. वर सुरूचं झाड आणि खाली माझा उन्हाळा. बेडणी, हौद, ताडगोळे, गाणी. 'साडेचार वाजता: समुद्र जिथं गेला असेल तिथपर्यंत चालत.' एक शब्द बदललेला नव्हता. तळाशी 'संकल्पना आणि आयोजन' म्हणून केतकीचं नाव, तिच्या भावाचं नाव.

रागाला आवाज असतो असं म्हणतात. माझ्या रागाला नव्हता. मी कागद घडी करून भिंतीच्या कुडात खोचला आणि आईला म्हणाले, "कुणी जायचं नाही भाकऱ्या थापायला." बाबा म्हणाले, "अगो पन सांगितलाय त्यांनी." मी म्हणाले, "सांगू देत."

शनिवारी सकाळी बाबा एकटेच कामाला गेले. मी ओसरीवर बसून होते. दुपार झाली. ऊन असं की कुत्रीसुद्धा ओसरीच्या सावलीत येऊन पडली. समोर भिंतीवर किराणावाल्यानं दिलेलं कॅलेंडर होतं, आणि नजर उगाच त्यावर फिरत होती. शनिवार. खाली बारीक अक्षरात एकादशी.

अकराची पाऊण सव्वाआठ. हे मी ठरवून मोजलं नाही, तोंडातून आपोआप आलं. सव्वाआठला भरती, म्हणजे सव्वादोनला ओहोटी. सव्वादोनपासून पाणी परत फिरलेलं. साडेचारला ते निम्म्या वाटेवर असणार, आणि निम्मी वाट म्हणजे ते खोलगट.

त्यांनी माझा कागद घेतला होता आणि पुनव सोडून दिली होती. सोमवार ते बुधवारचा कार्यक्रम शनिवार-रविवारवर आणला, लोकांच्या सोयीनं, आणि वेळा तशाच ठेवल्या. तिथ्या तर कागदावर नव्हत्याच. त्या मीच काढल्या होत्या.

मी लगेच उठले असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी बसून राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण चुलीतला निखारा विझेपर्यंत. मनात आलं, जाऊ दे. भिजतील, घाबरतील, केतकीच्या नावानं बोंब होईल. होऊ दे. 'संकल्पना आणि आयोजन.' घे म्हणावं संकल्पना. हे मनात आलं आणि मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. मग त्या ओळीतलं माझंच वाक्य आठवलं. जिथं गेला असेल तिथपर्यंत चालत. माझ्या शब्दांवर विश्वास ठेवून ती पोरं चालत जाणार होती. मला फोन करावासा वाटला, केला, केतकीनं कापला. पुन्हा केला, पुन्हा कापला. बाबांकडे फोन नव्हता.

मग मी धावले. नाक्यावर जीप भरायची वाट बघत उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "अजून चार सीट पायजेत." मी म्हणाले, "माणसं बुडतायत, चल." त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि किल्ली फिरवली.

वाडीवर पोचले तेव्हा पाच वाजत आले होते. तंबू रिकामे. बाबा एका झाडाखाली बेडणी टेकवून बिडी ओढत होते. "बाबा, ती पोरं कुठं?" त्यांनी समुद्राकडे हात केला. आम्ही सुरूच्या बनातून बाहेर आलो आणि मला जे दिसायचं ते दिसलं. लांब खडपांवर चौदा-पंधरा रंगीत ठिपके, कुणीतरी गाणं म्हणतंय, टाळ्या. त्यांच्यापुढे समुद्र शहाण्यासारखा लांब. आणि त्यांच्या पाठीशी, आमच्या आणि त्यांच्या मधे, खोलगटात पाणी चमकत आडवं पसरत होतं.

मी ओरडले. वारा उलटा होता.

आमचे बाबा डोंगराकडचे. त्यांना पोहता येत नाही. वीस वर्षं समुद्राशेजारी काम करून ते कधी पाण्यात उतरले नव्हते, समुद्राला लांबूनच हात जोडायचे. त्यांनी बिडी टाकली, बेडणी उचलली आणि बांबूनं पुढची जमीन चाचपत सरळ पाण्यात शिरले. मी मागोमाग. गुडघे, मांड्या, कंबर. मधोमध बाबा पाय रोवून उभे राहिले आणि बांबू आडवा धरला. मी तशीच पुढं गेले, खडपावर चढले.

"उठा सगळे. आत्ता. सामान राहू दे."

केतकी मधोमध बसली होती. मला बघून तिचं तोंड उतरलं. "वनी? तू इथं काय..."

"मागे बघ."

तिनं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. गाणं थांबलं.

एकेक करून सगळे उतरले. कुणाच्या हातात चपला, कुणाचा मोबाईल डोक्यावर. शेवटच्यांच्या वेळी पाणी छातीला लागत होतं. बाबांच्या बांबूला धरून, खांद्याला धरून, पंधराच्या पंधरा माणसं अलीकडे आली. एक निळ्या टोपीची मुलगी मधेच रडायला लागली. बाबा तिला म्हणाले, "रडू नको गो. बांबू धर. पडता चिकू हा बांबू नाय सोडत, तू कशी पडशील?" ती रडतारडता हसली. आम्ही बाहेर आलो आणि थोड्याच वेळात खडपं दिसेनाशी झाली.

वाळूवर सगळे धापा टाकत बसले. शेठाणी टॉवेल घेऊन धावत आली. कुणीतरी विचारलं, "पण तुम्हाला कळलं कसं, पाणी असं मागून येणार ते?"

प्रश्न माझ्याकडे बघून होता. उत्तर केतकीनं दिलं. तिचा श्वास तोपर्यंत जाग्यावर आला होता. "आम्ही इथलेच ना. आम्हाला पाण्याचं बरोबर कळतं. आणि हा आमच्या वाडीवरचा रूपजी, ही त्याची मुलगी. आमच्याकडेच असतात कामाला."

रूपजी. 'काका' हा शब्द गळून पडला होता, तिथंच पाण्यात कुठंतरी.

मी बाबांकडे बघितलं. ते बोलतील असं वाटलं. एवढंच म्हणाले असते तरी पुरलं असतं, की हा कागद माझ्या पोरीचा आहे. ओल्या अंगानं ते शेठाणीसमोर उभे होते. शेठाणी म्हणाली, "रूपजी, बेडणी जागेवर ठेव हो." बाबा म्हणाले, "हो शेठाणी."

त्या दिवशी मला दोनदा फसवलं गेलं असं मी खूप दिवस धरून होते, आणि दुसरं, बाबांचं गप्प राहणं, जास्त लागलं होतं. परतीच्या जीपमध्ये मी त्यांच्याशी बोलले नाही. आशागडच्या पुढे कधीतरी ते बाहेर बघत म्हणाले, "तिथं बोललो असतो तर उद्या झाडाखाली दुसरा कोन असता." मी म्हणाले, "असू दे ना." ते म्हणाले, "तुझ्या तीन वर्षांच्या फीसाठी मी असाच गप होतो, वनी." त्यांचा शर्ट अंगावरच वाळत होता, मिठाचे पांढरे पट्टे उमटत होते.

एक गोष्ट राहिली. आम्ही निघालो तेव्हा ती निळ्या टोपीची मुलगी फाटकापर्यंत मागे आली होती. डोंबिवलीची होती. "तुमचं नाव काय?" त्या पंधरांत हे विचारणारी ती एकटी. मी पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. तिनं नंबर घेतला.

जूनमध्ये निकाल लागला. बी.ए. झाले. पेढे वाटले, वाडीवर नाही. २०१८ चा उन्हाळा तलासरीला मामाकडे राहून काढला, एका कारखान्याच्या गेटवर आल्यागेल्याची नावं लिहीत. केतकीचा एकदा मेसेज आला, 'विसर ना आता.' मी उत्तर दिलं नाही. विसरणं हे ज्याचं गेलं त्याचं काम, आणि मला ते काम नको होतं. बाबांनी त्या पावसाळ्यानंतर वाडी सोडली. का सोडली ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बेडणी मात्र त्यांची स्वतःची होती, ती घरी घेऊन आले.

या वर्षी होळीनंतर फोन आला. "मी निळी टोपी. आठवतेय का? आम्ही काही जणं तीन दिवस कुठंतरी राहायला जायचं म्हणतोय. तुमचं काही आहे का?" मी म्हणाले, "आहे." तेव्हा काहीच नव्हतं. फोन ठेवला आणि वरोरला गेले. हिरूमावशी बोंबलांच्या मांडवाखाली बसली होती. तिच्या घरामागे, समुद्राला लागून, मोकळी जागा आहे. मी विचारलं. ती म्हणाली, "जागा दिली. पन आधी सांग, नवमीला भरती कवा?"

"पावणेसात."

"लाव तंबू."

आई भाकऱ्या थापते, पण स्वतःच्या चुलीवर, आणि पोरं तिच्यासमोर मांडी घालून बसतात. बाबा पोरांना बेडणी कशी धरायची ते शिकवतात आणि न जमणाऱ्याला म्हणतात, "कालेजात हेच नाय शिकवत!" पाण्यात ते अजूनही उतरत नाहीत. साडेचारला किनाऱ्यावर बांबू घेऊन उभे मात्र राहतात.

या मे महिन्यात, पुनवेला धरून, वरोरच्या किनाऱ्यावर एकवीस जण तीन रात्री राहून गेले. कागदावर तळाशी माझं नाव होतं, वनिता रूपजी, बी.ए., गंजाड. प्रत्येक वेळेच्या शेजारी तिथी छापली होती.